बाय-वायरिंग

बाय-वायरिंग म्हणजे ॲम्प्लिफायरच्या एका चॅनेलपासून एकाच स्पीकरपर्यंत दोन वेगळ्या वायरी नेणे: एक वूफरला (खर्ज वाजवणारा भाग), दुसरी ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा भाग). स्पीकरमागे चार टर्मिनल असतील तरच हे जमते. कंपनीतून येताना वरची आणि खालची जोडी धातूच्या पट्ट्यांनी जोडलेली असते, म्हणून एका वायरीवरही स्पीकर पूर्ण वाजतो.

दोन्ही वायरींवर व्होल्टेज तेच असते, करंट वेगळा. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वाटून देणारे सर्किट, वूफरच्या वाटेवर वरचे सूर अडवतो आणि ट्वीटरच्या वाटेवर खर्ज. ॲम्प्लिफायरवरचा भार बाय-वायरिंगने बदलत नाही. ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमचा होतो हा समज चुकीचा आहे. प्रत्येक जोडीला स्वतंत्र ॲम्प्लिफायर दिला की ते बाय-ॲम्पिंग. तिथे पट्ट्या काढायच्या राहिल्या तर दोन आउटपुट एकमेकांना भिडून ॲम्प्लिफायर जळू शकतात. बाय-वायरिंगमध्ये तीच चूक निरुपद्रवी आहे. दोन वायरी समांतर होतात, इतकेच.

ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये टीव्ही युनिटपासून प्रत्येक स्पीकरला कडेकडेने ४ मीटर वायर धरली, तर दोन स्पीकरना मिळून दोन कोअरची (आत दोन तारा असलेली) १६ मीटर लागेल. १.५ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची घ्यावी. ४ मीटरच्या जाण्यायेण्याचा रोध सुमारे ०.०९ ओहम भरतो, म्हणजे नगण्य. स्वस्त वायरीत पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडावी. आतून पांढरी निघाली की परत द्यावी.

ॲम्प्लिफायर बंद करून प्लग काढावा. टर्मिनल सैल करून लाल आणि काळी अशा दोन्ही पट्ट्या काढाव्यात, पिशवीत घालून स्पीकरच्या मागे चिकटवाव्यात. मग मल्टिमीटर लावावा. ८ ओहमच्या स्पीकरच्या खालच्या जोडीवर साधारण ५ ते ७ ओहम दिसतात. वरच्या जोडीवर काहीच आकडा येत नाही, कारण ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर असतो. दोन लाल टर्मिनलांमध्ये बीप वाजला तर पट्टी राहिली आहे. वायरीचे टोक १० ते १२ मिमी सोलून तारा घट्ट पिळाव्यात. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. ॲम्प्लिफायरच्या बाजूला एक वायर टर्मिनलच्या भोकातून आणि दुसरी बनाना प्लगने (टर्मिनलच्या टोकात खुपसायची पिन) लावली की एकाच टर्मिनलवर दोन्ही नीट बसतात. ॲम्प्लिफायरवर स्पीकरच्या दोन संचांसाठी ए आणि बी अशी वेगळी टर्मिनले असतील, तर ती वापरण्याआधी माहितीपुस्तिका पाहावी. काही ॲम्प्लिफायर ती दोन्ही चालू केल्यावर सिरीजमध्ये जोडतात आणि आवाज पार बिघडतो. एकाच जोडीत लाल-काळे उलटले तर वूफर-ट्वीटरची सांधणी बिघडते आणि गायकाचा आवाज मागे सरकल्यासारखा लागतो.

कानाला फरक किती पडतो यावर वाद जुना आहे. मापनात तो फारच थोडा येतो. २.५ चौरस मिमीची एकच चांगली वायर आणि पट्ट्यांच्या जागी तिचेच छोटे तुकडे, एवढ्यावर बहुतेक घरांत काम भागते, आणि उरलेले पैसे स्पीकरच्या भक्कम स्टँडवर घालणे अधिक शहाणपणाचे.

खाडीकाठच्या वाशी, ऐरोली, कोपरीसारख्या भागांत दमट हवेने उघडे तांबे लवकर काळवंडते. जोड सैल असला तर ट्वीटर मध्येच खरखरतो किंवा गप्प होतो. पावसाळा सरल्यावर काळे टोक कापून नवे सोलावे आणि टर्मिनल बोटांनीच आवळावे. पकडीने त्याचा प्लास्टिकचा गळा तडकतो.