नवतपात तडकलेला रंधा

गतवर्षी श्रावणात मी सागवानाच्या ठोकळ्यातून घरीच एक रंधा घडवला. पात्याची खाच इतकी मापात पाडली होती, की 50 मिलिमीटर रुंदीचे पाते आत सरकवल्यावर बाजूने कागदही गेला नसता, आणि त्या नेटकेपणाचा मला अभिमानच वाटत होता. पुढे मेअखेरीस, नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, गोठ्याशेजारच्या टिनाखालून रंधा उचलला, तेव्हा खाचेच्या कोपऱ्यातून लांबवर चीर गेलेली होती आणि पाते जागचे हलत नव्हते.

लाकूड वाळले की आखडते, हे विदर्भातल्या खेड्यात कोणाला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात अडणारे दार उन्हाळ्यात आपोआप सैल होते. मात्र लाकूड आखडल्यावर त्यातले भोक मोठे होत असावे, अशी समजूत पुष्कळांची असते (माझीही होती) आणि ती चुकीची आहे. ठोकळा ज्या प्रमाणात आखडतो, त्याच प्रमाणात त्याच्या पोटातली खाचही आखडते.

लाकडाच्या पेशींच्या भित्तिका हवेतला ओलावा सतत घेत आणि सोडत असतात. आपल्याकडे भर पावसाळ्यात उघड्या शेडमधल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या 14 टक्क्यांच्या आसपास पाणी असते. मेमध्ये ते 6 टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येते. दर एक टक्का पाणी कमी झाले, की सागवान वर्षवलयांच्या दिशेने सुमारे 0.19 टक्के आखडतो, गाभ्यापासून सालीकडे सुमारे 0.10 टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. माझ्या खाचेची रुंदी वर्षवलयांच्या दिशेने होती, म्हणून या हिशेबाने ती पाऊण मिलिमीटरने अरुंद झाली. पोलादी पात्याला दमट हवेशी काही देणेघेणे नसल्याने ते तसूभरही मागे सरले नाही, आणि आडव्या ताणापुढे नेहमीच दुबळे असणारे लाकूड धाग्याच्या रेषेत फाटले.

वर्षवलये उभी ठेवली असती तर रुंदीतले आखडणे निम्म्यावर आले असते, हे खरे. परंतु वलये तळाला समांतर आणि सालीची बाजू खाली, ही जुन्या सुतारांची रीत मी दुसऱ्या रंध्यातही सोडली नाही, कारण तसे केल्याने ठोकळ्याची उंची कमी बदलते आणि पाते ज्या 45 अंशांच्या उतारावर टेकते तो उतारही फारसा बिघडत नाही. त्याऐवजी पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर जागा सोडली. पाते बाजूने मोकळे राहिले तरी चालते, कारण त्याला धरून ठेवते ती पाचर. ती सुमारे 10 अंशांची निमुळती असली, की लाकडाचे घर्षणच तिला उलट सरकू देत नाही.

तोंड, म्हणजे तळातली ज्या फटीतून धार बाहेर येते ती, मात्र अरुंदच हवे. पात्याची धार लाकूड कापते तेव्हा धारेच्या पुढे लाकूड चिरत जाऊ पाहते. तोंडाची पुढची कड तिथले धागे दाबून धरते, म्हणून चीर खोल न जाता पातळ ढलपी निघते. माझ्या रंध्याचे तोंड अर्ध्या मिलिमीटरचे आहे.

जुना रंधा फेकला नाही. ठोकून ठोकून पाते काढले आणि ठोकळा तसाच फळीवर ठेवला. यंदा भाद्रपदात त्याची चीर इतकी मिटली आहे, की ती डोळ्यांना दिसत नाही, नखालाच लागते.