हिशोबाचे फोल्डर कोणाकोणाला?

लातूरमध्ये खाली आडत दुकान आणि वर बिऱ्हाड अशा घरात आता एकाच वायफायवर तीन-चार संगणक सहज असतात. दुकानातल्या संगणकावरचे ‘हिशोब’ हे फोल्डर मुनिमाला नुसते वाचता यावे, मोठ्या भावाला त्यात दुरुस्ती करता यावी आणि नीटची तयारी करणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर ते उघडूच नये, एवढीच मालकाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र घाईघाईत ‘एव्हरीवन’ हा पर्याय निवडला जातो, पासवर्डची अटही काढून टाकली जाते आणि तूर-सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या घरभर खुल्या होतात.

विंडोजमध्ये ही देवाणघेवाण एसएमबी नावाच्या नियमावलीनुसार चालते. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाम यांनी तिचा पाया घातला. तिची पहिली आवृत्ती आता बंदच ठेवावी, कारण मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू त्याच आवृत्तीतल्या त्रुटीतून जगभर पसरला होता.

नेहमीचा गोंधळ होतो तो खात्याबाबत. मुनिमाचे खाते त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर असून भागत नाही; ज्या संगणकावर फोल्डर आहे, तिथे त्याच्या नावाचे खाते उघडावे लागते. त्या खात्याचा पासवर्ड नेटवर्कवरून जसाच्या तसा जात नाही. फोल्डर असलेला संगणक दर वेळी एक नवी, यदृच्छेने निवडलेली संख्या पाठवतो. मागणारा संगणक पासवर्डच्या आधारे तिच्यावर गणिती प्रक्रिया करून उत्तर परत करतो, आणि पहिला संगणक आपल्याकडच्या नोंदीवरून तेच गणित करून दोन्ही उत्तरे ताडून पाहतो. त्यामुळे कोणी मधल्या मध्ये ते उत्तर टिपले तरी पुढच्या वेळी त्याचा उपयोग नसतो; अर्थात पासवर्ड ‘१२३४’ असेल, तर तो त्या उत्तरावरूनही अंदाजाने काढता येतो. पासवर्ड न ठेवलेल्या खात्याला विंडोज मुळातच नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि संगणक उघडताना टाकायचा पिन इथे चालत नाही, कारण तो त्या एका यंत्रापुरताच असतो.

ओळख पटली म्हणजे फोल्डर उघडले असे नव्हे. वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडल्यावरही आतल्या खोलीला वेगळे कुलूप असते, तशा इथे दोन परवानग्या असतात: एक ‘शेअरिंग’ची, जी फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होते, आणि दुसरी ‘सिक्युरिटी’ची, जी डिस्कवरच नोंदलेली असते व त्याच संगणकासमोर बसलेल्यालाही लागू होते. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्हींपैकी जी अधिक कडक, तीच मिळते. भावाला ‘शेअरिंग’मध्ये पूर्ण मुभा दिली आणि ‘सिक्युरिटी’मध्ये केवळ वाचण्याची ठेवली, तर फाइल उघडेल, पण बदल जतन होणार नाही. म्हणून शेअरिंगची परवानगी सैल ठेवून खरी काटछाट सिक्युरिटीत करावी, हे मला अधिक सोयीचे वाटते. नियम एकाच जागी राहतात.

आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. परवानगी नोंदवताना विंडोज नाव लिहीत नाही, तर खाते उघडताना त्याला मिळालेला ओळख क्रमांक लिहिते. मुनिमाचे खाते काढून टाकून त्याच नावाने, त्याच पासवर्डने पुन्हा उघडले तरी क्रमांक नवा पडतो. जुनी परवानगी त्याला लागू होत नाही. सिक्युरिटीच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक आकडा तेवढा उरतो. तो काढून टाकावा आणि नव्या खात्याला परवानगी नव्याने द्यावी.