संख्या पाठवण्यापूर्वी तिचे अंक मोजून घ्यावेत
(मूळ अवयवांचे अहवाल व तक्ते करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन जवळ आला की नाशिक, सिन्नर, निफाडकडचे शिक्षक व विद्यार्थी मोठमोठ्या संख्या घेऊन कॉलेज रोडवरील आमच्या कार्यालयात येतात. त्या संख्येचे मूळ अवयव काढणे, तिचे विभाजक किती हे सांगणे आणि ते सारे प्रदर्शनाच्या तक्त्यावर नीट छापून देणे, हे आमचे काम. ज्या एका चुकीने आपला व आमचा दिवस वाया जातो, तीच येथे सविस्तर सांगतो.

ती चूक म्हणजे मोठी संख्या एक्सेलमध्ये थेट टाइप करून फाइल पाठवणे. एक्सेल हिशेबासाठी आहे. ते संख्येचे पहिले १५ अंक तेवढे जपते आणि पुढच्या प्रत्येक अंकाच्या जागी, काहीही न कळवता, शून्य ठेवते. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यास १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. एक्सेलमध्ये ती १.४७५७४ई+२० अशी दिसते आणि पूर्ण उघडून पाहिल्यास १४७५७३९५२५८९६७६०००००० अशी निघते. खऱ्या संख्येचे मूळ अवयव दोनच आहेत : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. शेपटीला शून्ये लागलेल्या संख्येला मात्र २ ने आठ वेळा, ५ ने सहा वेळा आणि ३ नेही भाग जातो. म्हणजे अहवाल बिनचूक, पण भलत्याच संख्येचा. गेल्या डिसेंबरात एका शाळेचा तक्ता याच कारणाने आम्हाला रात्री पुन्हा छापावा लागला, आणि तो पाहायला उत्सुक असलेल्या मुलांना सकाळी ताटकळावे लागले याचे आम्हाला फार वाईट वाटले.

म्हणून टाइप करण्याआधीच त्या सेलचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा. नंतर प्रकार बदलून गेलेले अंक परत येत नाहीत. त्याहून सोपे म्हणजे संख्या व्हॉट्सॲपवर साध्या मजकुरात, स्वल्पविराम न देता पाठवावी आणि खाली एकूण अंक किती व त्यांची बेरीज किती ते लिहावे. वरच्या खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९ येते, बिघडलेल्या संख्येची ८४. एकूण अंक व त्यांची बेरीज या दोहोंची खातरजमा झाल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. काहींना ही अडवणूक वाटते, परंतु आपले पैसे वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हाला माहीत नाही.

अंक तितकेच असताना शुल्क वेगळे का, असेही नेहमी विचारले जाते. काम किती अवघड आहे हे अंकांवरून नव्हे, तर अवयव किती मोठे आहेत यावरून ठरते. आपल्या देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या २ × ३² × ७³ अशी कागदावरच सुटते, आणि लहान अवयवांची पन्नास अंकी संख्याही संगणक क्षणात सोडवतो. तेवढ्याच लांबीची संख्या दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल, तर मात्र पुष्कळ अधिक गणन करावे लागते. २०२० मध्ये आरएसए-२५० या आव्हान म्हणून दिलेल्या २५० अंकी संख्येचे दोन अवयव निघाले, तेव्हा सुमारे २७०० कोर-वर्षांइतके (संगणकाचा एक कोर, म्हणजे एक गणनकेंद्र, २७०० वर्षे चालावा इतके) गणन लागले होते. त्यामुळे संख्या पाहिल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही.

कधी कधी आमच्या अहवालात ‘संयुक्त आहे (म्हणजे मूळ संख्या नाही), अवयव मिळाले नाहीत’ असे लिहिलेले असते. हे अपुरे काम नव्हे, कारण संख्या संयुक्त ठरवणे आणि तिचे अवयव शोधणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. वरच्याच २१ अंकी संख्येला फ्रेंच गणिती मर्सेन यांनी १६४४ मध्ये मूळ संख्या मानले होते. फ्रेंच गणिती ल्युकास यांनी १८७६ मध्ये एकही अवयव न सांगता ती संयुक्त असल्याचे दाखवले, आणि अमेरिकन गणिती कोल यांनी अवयव मांडले ते १९०३ मध्ये. असा अहवाल निघाल्यास आम्ही केवळ तपासणीचेच शुल्क घेतो.

अवयव मिळाल्यास त्यांचा गुणाकार करून आपण पाठवलेली संख्या परत मिळते, हा पडताळा प्रत्येक तक्त्यावर विनामूल्य छापून देतो. तक्ता गणित दिनासाठी हवा असल्यास संख्या १० डिसेंबरपर्यंत पाठवावी.