कमोडोर ६४ आणि आधुनिक नेटवर्क

कमोडोर ६४ हा आठ बिटांचा घरगुती संगणक १९८२ साली अमेरिकेत विक्रीला आला आणि १९९४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. इथरनेट (तारेचे नेटवर्क), वाय-फाय किंवा टीसीपी-आयपी (इंटरनेटवर माहिती पाठवण्याचे नियम) यांसाठी त्यात कसलीही सोय नाही. तरीही तो आजच्या नेटवर्कवर आणता येतो. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एकात नेटवर्कचे सगळे नियम खुद्द जुना प्रोसेसर पाळतो, तर दुसऱ्यात ते काम शेजारी बसवलेली नवी चिप करते. पडद्यावरची अक्षरे दोन्हीकडे सारखीच दिसत असली, तरी संगणकाचे श्रम फार वेगळे असतात. या विषयात खरे महत्त्व या भेदालाच द्यायला हवे.

या यंत्रात साधारण १ मेगाहर्ट्झचा ६५१० प्रोसेसर आणि ६४ किलोबाइट मेमरी असते. पडद्यावर २५ ओळी, प्रत्येकीत ४० अक्षरे. मागच्या बाजूला बाहेरची उपकरणे जोडायचा यूजर पोर्ट आणि कार्ट्रिजसाठीचा, म्हणजे खोचून बसवायच्या जोड-पेटीसाठीचा, एक्सपान्शन पोर्ट आहे. १९८०च्या दशकात यूजर पोर्टला मोडेम लावून लोक टेलिफोन लाइनवरून बुलेटिन बोर्ड (निरोप आणि फाइली ठेवणारे दूरचे संगणक) गाठत. ३०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ३०० बिटांच्या, मोडेमवरून सेकंदाला सुमारे ३० अक्षरे येत, म्हणजे एक पडदा भरायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागे. नोव्हेंबर १९८५ मध्ये खास कमोडोरधारकांसाठी क्वांटम लिंक ही सेवा सुरू झाली. तिची कंपनी पुढे अमेरिका ऑनलाइन या नावाने जगाला माहीत झाली. दूरच्या संगणकाशी बोलणे या यंत्राला अगदी सुरुवातीपासून ठाऊक होते.

अडचण वेगाची होती. सीरियल संदेशवहनासाठी यात यूआर्ट, म्हणजे बिट एकामागून एक पाठवणारी आणि घेणारी स्वतंत्र चिप नाही, त्यामुळे प्रत्येक बिट सॉफ्टवेअरला वेळ मोजत पाठवावा आणि ओळखावा लागतो. २४०० बॉडला एका बिटाच्या वाट्याला प्रोसेसरची जेमतेम ४१० आवर्तने (कामाचे ठोके) येतात. त्यातच पडद्यावर अक्षरे असताना व्हीआयसी-२ ही चित्रचिप दर आठव्या रेषेला प्रोसेसरची सुमारे ४० आवर्तने काढून घेते आणि वेळेचा हिशोब चुकतो. डॅनियल डालमान यांनी यावर सुंदर तोड काढली. संगणकातल्या सीआयए चिपांमधील (पोर्ट सांभाळणाऱ्या चिपांमधील) शिफ्ट रजिस्टरे, म्हणजे बिट आपोआप एकेक करून सरकवणारे भाग, वापरून त्यांनी यूपी९६०० ही पद्धत बसवली आणि त्याच पोर्टवर ९६०० बॉडचा वेग मिळवला. ६५५१ ही यूआर्ट चिप असलेल्या स्विफ्टलिंक कार्ट्रिजने तो ३८,४०० बॉडपर्यंत नेला.

पहिल्या मार्गाचे सर्वांत मोलाचे उदाहरण म्हणजे काँटिकी. स्वीडनमधील ॲडम डंकेल्स यांनी ही ऑपरेटिंग सिस्टिम २००३ मध्ये कमोडोर ६४साठी आणली आणि तिच्यात यूआयपी हा स्वतःचाच अत्यंत लहान टीसीपी-आयपी संच वापरला. सोबत ब्राउझर आणि वेब सर्व्हरही होते. तारेची बाजू सांभाळायला आरआर-नेटसारखे कार्ट्रिज असे. त्यात सिरस लॉजिकची सीएस८९००ए ही इथरनेट चिप आहे. चिप फक्त फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारे माहितीचे तुकडे, घेते आणि देते. पत्ते तपासणे, चूक ओळखण्यासाठीची चेकसमची बेरीज, हरवलेले पॅकेट (माहितीचा गठ्ठा) पुन्हा पाठवणे हे सगळे ६५१० करतो. मेमरी वाचवण्यासाठी यूआयपी एका वेळी एकच पॅकेट पाठवते आणि पोच आल्यावरच पुढचे. समोरचा संगणक पोच द्यायला रेंगाळला की सगळाच कारभार मंदावतो. जुन्या यंत्रासाठी केलेली ही काटकसर पुढे सेन्सरांच्या नेटवर्कमध्ये उपयोगी पडली आणि काँटिकी त्या क्षेत्रात गाजली.

दुसरा मार्ग स्वस्त आणि सोपा आहे. ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप यूजर पोर्टला लावतात आणि ती जुना मोडेम असल्याचे सोंग वठवते. हेज कंपनीने १९८१च्या स्मार्टमोडेमसोबत रूढ केलेल्या एटी आज्ञाच तिला द्यायच्या. एटीडीटी या नंबर फिरवण्याच्या आज्ञेनंतर फोन नंबरऐवजी सर्व्हरचे नाव आणि पोर्ट क्रमांक टाकायचा. झिमोडेम हे यासाठीचे एक परिचित फर्मवेअर (चिपमध्ये भरायचे सॉफ्टवेअर) आहे. येथे पॅकेटांचे काम ८० मेगाहर्ट्झची, ३२ बिटांची नवी चिप उरकते. कमोडोर अक्षरे घेतो आणि दाखवतो. १९८५चा अनुभव हवा असेल तर हाच मार्ग अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आणि कळफलक, म्हणून यंत्र तेव्हाही एवढेच करत होते. यंत्राची क्षमता पाहायची असेल तर मात्र काँटिकीकडेच वळावे.

एनक्रिप्शनच्या (माहिती गुप्त करण्याच्या) भिंतीपाशी पहिला मार्ग अडतो. ६५१०कडे गुणाकाराची आज्ञाच नाही आणि एचटीटीपीएसच्या, म्हणजे संकेतस्थळाशी होणाऱ्या गुप्त, जोडणीला प्रचंड संख्यांचे गुणाकार लागतात. म्हणून आजची बहुतेक संकेतस्थळे थेट उघडत नाहीत. मध्ये प्रॉक्सी (आपल्या वतीने पाने आणणारा दुसरा संगणक) ठेवून पाने साध्या मजकुरात उतरवून घ्यावी लागतात. टेलनेटवरचे, म्हणजे इंटरनेटवरून साध्या मजकुरात बोलणारे, बुलेटिन बोर्ड मात्र सहज चालतात. त्यांतले काही कमोडोरच्या पेट्स्की या अक्षरसंचात रंग आणि चित्रचिन्हांसह पाने पाठवतात. ॲस्की हा सर्वसाधारण अक्षरसंच वापरणाऱ्या बोर्डांवर इंग्रजी लहान आणि मोठ्या अक्षरांची अदलाबदल होऊ नये म्हणून टर्मिनल प्रोग्रामला अक्षरे बदलून घ्यावी लागतात.

जोडणी करताना विजेकडे लक्ष हवे. यूजर पोर्टवरची पातळी ५ व्होल्ट, तर ईएसपी८२६६ची ३.३ व्होल्ट, मध्ये व्होल्ट जुळवून देणारा लेव्हल कन्व्हर्टर हवाच. पोर्टमधून ५ व्होल्टवर १०० मिलिॲम्पिअरच घेता येतात आणि प्रक्षेपण करताना ही चिप त्याहून अधिक ओढते, म्हणून तिला वेगळा पुरवठा देणे बरे. संगणक चालू असताना पोर्टमध्ये काही घालू किंवा काढू नये. त्यात सीआयए चिप जळू शकते. मूळचा पॉवर सप्लाय तर कधीच वापरू नये. तो जुना होऊन बिघडला की ५ व्होल्टच्या वाहिनीवर जास्त दाब सोडतो आणि मेमरीच्या चिपा निकामी करतो.