बॅटरी सेव्हर नेमकं काय वाचवतो?

दहाव्या पिढीच्या आयपॅडमध्ये २८.६ वॉटतासांची (एक वॉटतास म्हणजे एक वॉट तासभर पुरेल एवढी ऊर्जा) बॅटरी असते. वाय-फायवर वेब पाहताना किंवा व्हिडिओ बघताना ती १० तासांपर्यंत चालते, असा ॲपलचा दावा आहे. भागाकार करून पाहा, सरासरी तीन वॉटसुद्धा होत नाहीत. तेवढ्यात स्क्रीन उजळायचा, वाय-फाय चालवायचं, आवाज काढायचा आणि ११८० कोटी ट्रान्झिस्टरांची, म्हणजे सूक्ष्म विद्युत स्विचांची, चिप पोसायची. पॉवर मोड (बॅटरी सेव्हर, परफॉर्मन्स वगैरे) बदलताना आपण या तीन वॉटांचंच वाटप बदलत असतो.

सेव्हर लावला की टॅब्लेट मंदावतो आणि परफॉर्मन्स लावला की पळतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. कोणता मोड किती फरक पाडेल हे मुख्यतः टॅब्लेटवर काय चाललंय यावर ठरतं.

आधी चिपचं बघू. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीला लागणारी वीज वारंवारतेच्या, म्हणजे सेकंदाला किती वेळा उघडझाप होते त्याच्या, सरळ प्रमाणात वाढते; व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. शिवाय वारंवारता उतरवली की तीच चिप कमी व्होल्टेजवरही बिनचूक चालते. सेव्हर मोड याचाच फायदा घेतो. समजा, वारंवारता २० टक्क्यांनी उतरवली आणि त्यामुळे व्होल्टेज १५ टक्क्यांनी कमी करता आलं. मग ०.८५ चा वर्ग गुणिले ०.८, म्हणजे साधारण ०.५८. वेग पाचव्या हिश्शानं घटला, पण विजेची भूक ४२ टक्क्यांनी उतरली. सौदा उत्तम दिसतो.

दिसतो खरा, पण हिशेब इथे संपत नाही. वेग कमी झाला म्हणजे काम लांबलं आणि तोवर स्क्रीन चालूच राहिला. सोपे आकडे गृहीत धरू: चिपला ३ वॉट, स्क्रीनला २ वॉट आणि व्हिडिओ तयार करण्याचं एक तासाचं काम. पूर्ण वेगात ५ वॉटतास खर्च होतील. सेव्हरमध्ये चिप १.७३ वॉटवर येईल, पण काम ७५ मिनिटं चालेल. एकूण खर्च सुमारे ४.७ वॉटतास. ४२ टक्क्यांची बचत सात टक्क्यांवर आली! म्हणूनच कधीकधी काम झटपट उरकून चिपला झोपवणं परवडतं. टॅब्लेटमधली यंत्रणा हा तोल स्वतःच सांभाळत असते. चिपांचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीनं २०११ मध्ये एकाच चिपवर दणकट आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर, म्हणजे हिशेब करणारे स्वतंत्र भाग, ठेवण्याची रचना जाहीर केली, तीही यासाठीच. आज बहुतेक टॅब्लेटमध्ये हीच रीत आहे. साधं वाचन चालू असेल तर दणकट कोअर एरवीही झोपलेलेच असतात. मग सेव्हर चिपकडून वाचवणार तरी काय?

परफॉर्मन्स मोडची गोष्ट उलट. बहुतेक टॅब्लेटमध्ये पंखा नसतो, सगळी उष्णता पाठ आणि पडदा यांतूनच बाहेर पडायची. जड गेम सुरू केला की पहिली काही मिनिटं वेग झकास मिळतो. मग तापमान मर्यादेला टेकतं आणि मोड कोणताही असो, चिप स्वतःहून वेग उतरवते. वेग मोजणाऱ्या छोट्या चाचण्यांवर माझा फारसा विश्वास नाही तो यामुळेच. चाचणी संपते तेव्हा टॅब्लेट नुकता कुठे तापायला लागलेला असतो.

आता स्क्रीन. वाचन, वेब, व्हिडिओ या रोजच्या वापरात खरा खादाड तोच. एलसीडी पडद्यामागे दिवे असतात, पण त्यांचा बहुतांश प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश सोडणारी पोलरायझर नावाची पातळ फिल्म निम्म्याहून अधिक गिळते आणि उरलेल्यातला सुमारे दोन तृतीयांश रंगीत गाळण्यांत अडकतो. पूर्ण पांढरं पान दाखवतानाही मूळ प्रकाशाचा दहावा हिस्सा बाहेर आला तरी खूप. मग ब्राइटनेस उतरवण्याला एवढं महत्त्व का, ते कळतं. डोळ्यांना उजेड सरळ प्रमाणात जाणवत नाही, हेही आपल्या पथ्यावर पडतं: मागचा प्रकाश निम्मा केला तरी पडदा निम्मा अंधारल्यासारखा वाटत नाही. काही उपकरणं सेव्हरमध्ये मागचा प्रकाश उतरवून चित्राचे पिक्सेल तेवढेच उजळ करतात. त्या वेळी फोटोंचे रंग थोडे फिके दिसतात, तो पडद्याचा बिघाड नव्हे.

ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळा भाग जवळपास फुकट. पण डार्क मोडबद्दल जरा अतिशयोक्ती होते. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ओएलईडी फोन तपासले होते. पूर्ण ब्राइटनेसवर डार्क मोडनं सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर मात्र फक्त ३ ते ९ टक्के. एलसीडी टॅब्लेटमध्ये मागचे दिवे तसेच जळत राहतात, तिथे डार्क मोड फार तर डोळ्यांच्या सोयीचा.

मग रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते; हे हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १२० हर्ट्झला ८.३ मिलिसेकंदांनी, म्हणजे स्क्रोल करताना चित्रं बनवण्याचं काम दुप्पट. आयपॅडवर २०२१ पासून मिळणारा लो पॉवर मोड १२० हर्ट्झच्या पडद्याला ६० वर रोखतो. स्क्रोलिंग किंचित खडबडीत वाटतं आणि लोक म्हणतात, टॅब्लेट मंद झाला. पुष्कळदा प्रोसेसरला पूर्ण वेगाची गरजच पडलेली नसते, पडद्याची चाल तेवढी बदललेली असते.

बाकी उरते पार्श्वभूमीतली वर्दळ: मेल ओढणं, फोटो क्लाउडवर चढवणं, ॲप्सचं अद्ययावत होणं. सेव्हर हे सगळं लांबणीवर टाकतो, म्हणून सूचना उशिरा येतात. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून डोझ नावाची सोय आहे. टॅब्लेट बराच वेळ न हलता, स्क्रीन बंद करून पडला असेल तर ती ही कामं गठ्ठ्यानं, ठरावीक अंतरानं उरकते. त्यासाठी सेव्हर चालू असावा लागत नाही, त्यामुळे रात्रभर टेबलावर पडून राहणाऱ्या टॅब्लेटला सेव्हरमधून थोडंच जास्त मिळतं. सेव्हरचा खरा उपयोग शेवटच्या २० टक्क्यांत किंवा लांबच्या प्रवासात, जेव्हा स्क्रीन चालू आहे आणि चार्जर जवळ नाही.

चार्जर जवळ असला की लोक बिनधास्त परफॉर्मन्स मोड लावतात. वेगाच्या दृष्टीनं त्यात काही चूक नाही, पण चार्जिंगची उष्णता आणि चिपची उष्णता एकाच बंद पेटीत साठते. लिथियम-आयन बॅटरी गरम असताना पूर्ण भरलेली राहिली की तिची क्षमता लवकर घटते. जड गेम खेळायचाच असेल तर कव्हर काढून ठेवा, आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय टॅब्लेटमध्ये असेल तर ती चालू करा.