रेक्झिन, काथ्या, स्प्रिंग: जुन्या फियाटच्या सीटची पूर्वपीठिका

जुनी फियाट घरच्या पार्किंगमध्ये उभी करून तिला पुन्हा रस्त्यावर आणायचा नाद असलेली माणसं पहिला हात घालतात तो सीटला. इंजिन उतरवायला मेकॅनिक लागतो, पत्र्याला डेंटर लागतो. सीटचं तसं नाही. बोल्ट सोडले की ती अख्खी बाहेर येते आणि सुट्टीच्या दिवशी गॅलरीत पसरून उसवता येते. बेत मात्र बहुधा आधीच ठरलेला असतो: बदामी रंगाचं अस्सल चामडं आणि त्यावर चौकटी-चौकटींची शिवण. दिसायला ते झकास दिसतं यात वाद नाही. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटला चामड्याची सीट नसे. तिला रेक्झिन होतं, आणि ते असण्यामागे निव्वळ काटकसर नव्हती.

मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या सीटा बनवणारा वेगळा कारागीर कुठेच नव्हता. बग्ग्या आणि व्हिक्टोरिया बांधणाऱ्यांनीच हे काम अंगावर घेतलं. मुंबईत १८९८ साली मोटारी धावू लागल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून मद्रासची सिम्पसन (१८४०ची) आणि कलकत्त्याची स्टुअर्ट यांच्यासारख्या कंपन्या गोऱ्या साहेबांना आणि संस्थानिकांना घोडागाड्या बांधून देत होत्या. उंची मोटारींच्या बाबतीत बरीच वर्षं रीत अशी होती की मोटार कंपनी इंजिनासह फक्त चासी म्हणजे खालचा सांगाडा विकायची आणि वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची. त्यामुळे घोडे गेले तरी आसनं घोडागाडीचीच राहिली. लाकडी चौकट, तिच्या तळाला ताणलेले पट्टे, त्यावर उभ्या केलेल्या गोल स्प्रिंगा. प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठही दिशांना बांधायची, म्हणजे माणूस बसला की एकटी दबत नाही, शेजारणींना सोबत घेऊन दबते. वर तरट, तरटावर घोड्याचे केस, त्यावर कापसाचा पातळ थर आणि शेवटी आवरण. शेपटीचे आणि आयाळीचे केस दोरीसारखे पिळून वाफवले की त्यांना कायमचा कुरळेपणा येतो. असे केस दबले तरी पुन्हा फुलतात, हवा खेळती ठेवतात आणि ओल धरून बसत नाहीत. आजच्या फोमला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी नीट जमत नाहीत.

आवरणाच्या बाबतीत त्या काळचा शिष्टाचार आजच्या उलटा होता. बंद बॉडीच्या श्रीमंती गाडीत मालक मागे बसायचा, त्याच्या आसनाला उंची लोकरी कापड किंवा रेशीम असे. पुढे ड्रायव्हर उघड्यावर, ऊनपावसात. त्याच्या सीटला चामडं, कारण ते पुसता येतं. चामडं म्हणजे चैन हे समीकरण नंतर पक्कं झालं. लंडनच्या कॉनली बंधूंनी १८७८ साली चामड्याच्या कामाला सुरुवात केली आणि पुढे त्यांचं चामडं रोल्स रॉइसच्या आतल्या सजावटीची ओळख बनलं. हौशी लोकांच्या डोळ्यांसमोर असतं ते हेच चित्र, आणि कुर्ल्याच्या फियाटवर ते उगाच लादलं जातं.

चामड्यासारखं दिसणारं स्वस्त कापड मोटारीच्याही आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कापडावर उकळलेल्या जवसाच्या तेलाची रंगीत पुटं चढवून असा माल निघू लागला होता. मग नायट्रोसेल्युलोज आलं. रासायनिक कूळ पाहिलं तर हे गनकॉटनचं म्हणजे स्फोटकाचं सख्खं भावंड. त्यात मऊपणासाठी एरंडेल मिसळायचं, कापडावर थरांवर थर द्यायचे आणि वर चामड्यासारखा पोत उमटवायचा. अमेरिकेत ड्यू पाँट या रसायन कंपनीने १९१० मध्ये असंच कापड बनवणारा फॅब्रिकॉइडचा धंदा विकत घेतला. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावी रेक्झिन कंपनी होती, पुढे ती आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीच्या छत्राखाली गेली. वह्यापुस्तकांच्या बांधणीपासून आगगाडीच्या डब्यापर्यंत हा माल सगळीकडे पोचला. त्यात दोष दोन: पेट चटकन घ्यायचा, आणि काही वर्षांत कडक होऊन तडकायचा.

त्याची जागा पीव्हीसी या प्लास्टिकने घेतली. बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन यांनी १९२६ साली कडक पीव्हीसीमध्ये प्लास्टिसायझर घालून त्याला रबरासारखं लवचीक केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या सीटांवर हेच विराजमान झालं. आपल्याकडे त्यालाही रेक्झिनच म्हणत राहिले, त्यामुळे १९३५ च्या गाडीचं ‘ओरिजिनल रेक्झिन’ आणि १९७५ च्या गाडीचं ‘ओरिजिनल रेक्झिन’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे दुकानदारालाही अनेकदा सांगावं लागतं.

आता फियाटकडे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, १९४७ पासून कुर्ल्यात त्यांच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. फियाटशी संबंध जुळले १९५१ च्या सुमारास, आणि १९५४ पासून फियाट ११०० इथे तयार होऊ लागली. सरकारने तेव्हा धोरण घेतलं की ज्याला इथे खरोखर उत्पादन करायचं आहे त्यानेच थांबावं, नुसत्या पेट्या उघडून जुळणी करणाऱ्याने जावं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. मागे राहिलेल्यांना सुटे भाग एकेक करून देशी करणं भाग होतं. इंजिनाचा ब्लॉक ओतायला फाउंड्री लागते, गिअर कापायला बाहेरची यंत्रं लागतात. सीटचं काय? लोखंडी नळी, स्प्रिंगची तार, गोणपाट, काथ्या, रेक्झिन आणि शिवणयंत्र. यातली एकही गोष्ट अशी नव्हती की जिच्यासाठी फियाटच्या माहेराकडे, इटलीतल्या तुरिनकडे, डोळे लावून बसावं.

काथ्याचं महत्त्व इथे येतं. युरोपात घोड्याच्या केसांनी केलेलं काम आपल्याकडे नारळाच्या सोडणाने केलं. काथ्यावर रबराचा चीक फवारून, दाबून, भाजून त्याच्या वड्या करतात. दोन्ही गोष्टी केरळात मुबलक. अशी वडी स्प्रिंगांवर ठेवली की बैठक ताठ राहते, उन्हात फार तापत नाही, आणि हवा आरपार जाते. याच सुमारास ‘डनलॉपची गादी’ मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठेची झाली होती. डनलॉपच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत १९२९ मध्ये चीक घुसळून बनवलेला तो रबरी फोम सुखाचा खरा, पण महाग.

रेक्झिनसाठीही लांब जायची गरज उरली नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या भोरचं नाव धारण करणारी भोर इंडस्ट्रीज पीव्हीसीचं लेदरक्लॉथ बनवत असे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्याच कारणाने पाठ असतं. कारखान्यात लेदरक्लॉथ बनण्याच्या आधीच्या टप्प्यावर जी कच्ची पीव्हीसी फिल्म निघते तिच्यावर अबकारी कर लागतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८९ मध्ये न्यायालय म्हणालं, जी वस्तू बाजारात विकण्याजोगी आहे हेच सिद्ध झालेलं नाही, तिला कर लावता येणार नाही. अबकारी कायद्यात हा निकाल आजही आधाराला घेतात. जुन्या गाडीच्या सीटखालून निघालेला रेक्झिनचा तुकडा अशा कुठल्या कुठल्या दफ्तरांत जाऊन पोचतो.

फियाट ११०० चे अवतार इथे बदलत गेले: एलिगंट, सिलेक्ट, १९६४ पासून डिलाइट. फियाटशी असलेला करार संपल्यावर ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. आतली मांडणी मात्र फारशी हलली नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता, त्यामुळे पुढच्या दोघांमध्ये काही आडवं येत नव्हतं आणि पुढची सीट एकसंध बाकासारखी ठेवता आली. ड्रायव्हर, त्याच्या शेजारी बायको आणि मध्ये दोन पोरं, ही कित्येक मराठी घरांच्या महाबळेश्वर सहलीची बैठक या एका यांत्रिक निर्णयावर उभी होती. गिअर फरशीवर आणि पुढे दोन सुट्या सीटा, हे अगदी शेवटच्या काळात आलं. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातल्या फियाटला सुट्या बकेट सीटा बसवतात तेव्हा नुसती सीट बदलत नाही, त्या गाडीत माणसं कशी बसत होती तेच पुसलं जातं. माझ्या मते रंग चुकला तर चालेल, हे चालू नये.

त्या काळी गाडी नंबर लावून मिळायची, वर्षानुवर्षं वाट पाहून. मिळाल्यावर सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक काढायचं कुणाच्या जिवावर येई. ज्यांनी ते काढलं त्यांनी वर टर्किश टॉवेलाचे खोळ चढवले, कारण उन्हात तापलेलं रेक्झिन मांडीला चटका देतं आणि घामाने चिकटतं. या दोन्ही सवयींचे परिणाम आज उसवताना दिसतात. टॉवेलाखालचा रंग कधीकधी नव्यासारखा सापडतो. प्लास्टिकखालची तऱ्हा वेगळी: दमट हवा अडकून राहिलेली, काथ्याचा भुगा झालेला, स्प्रिंगा गंजलेल्या आणि गंज गोणपाटात उतरलेला.

रेक्झिन तडकतं कशामुळे, हेही यातच कळतं. पीव्हीसीला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर उन्हाने हळूहळू उडून जातो. बंद गाडीच्या काचेवर आतून जो तेलकट धूसरपणा येतो, त्यात त्याचाही वाटा असतो. तो गेला की कापड आकसतं, आणि शिवणीच्या भोकांच्या रांगेत पहिली चीर पडते, कारण तिथे ते आधीच कमजोर असतं. अशा रेक्झिनला पॉलिश मारून तात्पुरती चमक येते. उडालेला प्लास्टिसायझर परत येत नाही.

सीटची ही विद्या मुंबईत टिकली ती टॅक्सीमुळे. खासगी मालक दहा-पंधरा वर्षांत एकदा कुशनवाल्याकडे जायचा, टॅक्सीवाल्याला तेवढी सवड नव्हती. दिवसभर माणसं चढ-उतार करणारी सीट सारखी खचते, म्हणून स्प्रिंग बांधणारे, काथ्या भरणारे, पायपिंग म्हणजे शिवणीच्या कडेची गोल पट्टी शिवणारे हात कामात राहिले. चवीचा भागही होता: काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या छताला वेलबुट्टीचं कापड, सीटला भडक नक्षीचं आवरण. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून खास नक्ष्या काढून घेऊन त्या टॅक्सीच्या सीटांवर आणि छतावर चढवल्या तेव्हा बाहेरच्यांना त्याचं अप्रूप वाटलं. पण टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागू झाली होतीच, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

खरा घाव मात्र त्याच्या कितीतरी आधी बसला होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली ती साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेन फोमच्या गाद्या घेऊन. हे रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलं, त्याचा मऊ फोम पन्नासच्या दशकात बाजारात आला. साच्यातली गादी एका तुकड्यात निघते, तिला ना सुतळी लागते ना तरट. ती खचली तर कोणी भरत बसत नाही, वर तयार सीट कव्हर चढवतात. बघता बघता कुशनची दुकानं सीट कव्हरची दुकानं झाली. आजच्या बहुतेक दुकानांत स्प्रिंगांची चौकट नेली तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो की साहेब, हे काढून टाकू, फोमचा ठोकळा बसवून देतो. तो फसवत नसतो, त्याला शिकवलेलंच तेवढं असतं. ठोकळ्याने बैठकीची उंची बदलते, स्टिअरिंग मांडीला लागतं, आणि फियाटमध्ये बसल्यावर येणारा तो हलका हेलकावा जातो.

या सगळ्याला अलीकडे कायद्याचीही किनार आली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. त्यामुळे १९५४ ची फियाट तर झालीच, पहिल्या पद्मिनीही आता त्या वयात आल्या आहेत. नियमात मूळ रूपाची कसोटी चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांवर लावली आहे, सीटचा उल्लेख नाही. म्हणजे चामडं चढवलं म्हणून कोणी नोंदणी नाकारणार नाही. जुन्या गाड्यांच्या स्पर्धांमध्ये परीक्षक मात्र दार उघडून आत वाकतात, आणि तिथे सीट बोलते.

घरी काम काढणाऱ्याने म्हणूनच जुनं आवरण ओढून फाडू नये. ब्लेडने एकेक टाका कापत उसवावं, प्रत्येक तुकड्यामागे डावा-उजवा, वर-खाली लिहून ठेवावं. आकसलेले असले तरी मापाचे नमुने तेच. स्प्रिंगा घासून, गंजरोधक लावून बहुतेक वेळा पुन्हा वापरता येतात. गोणपाट आणि काथ्या नवा घ्यावा. घरचं शिवणयंत्र दोन थर रेक्झिन आणि पायपिंग एकदम ओढत नाही, त्यामुळे तेवढी शिवण बाहेरून करून घेणं शहाणपणाचं. रंगाचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण जुन्या पोताचं रेक्झिन आता क्वचितच निघतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर चोरबाजारात पडून राहिलेला एखादा तागा मिळाला तर मिळाला. जाताना सीटच्या खालच्या, चौकटीवर दुमडलेल्या भागातली पट्टी कापून खिशात न्यावी. तिथे ऊन पोचलेलं नसतं, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ताडून न पाहता ती दाराबाहेर उजेडात नेऊन ताडावी.