डायलिसिसचा कॅथेटर जोखायचा कशावर?

मानेतल्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचणारी, जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची नळी. आत दोन वाटा. लाल क्लिपच्या वाटेने रक्त मशीनकडे जातं, निळ्या क्लिपच्या वाटेने शुद्ध होऊन परत येतं. मिनिटाला ३०० मिलिलिटर धरले तर ४ तासांत ७२ लिटर! शरीरात रक्त असतं साधारण ५ लिटर, तेच फिरून फिरून येतं.

कॅथेटरच्या माहितीपत्रकात आधी डोळ्यात भरतो तो प्रवाहाचा आकडा. तो महत्त्वाचा आहेच. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, त्यामुळे आतली त्रिज्या १० टक्क्यांनी घटली की तेवढ्याच दाबाला प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटतो. पण मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त ओढलं आणि त्यातलं ६० मिलिलिटर आत्ताच धुऊन परत सोडलेलं निघालं, तर उपयोग २४०चाच. मशीनच्या पडद्यावर मात्र ३००च दिसणार.

हे टाळायला टोकाची रचना कामी येते. जुन्या, पायरीसारख्या टोकात परतीचं तोंड ओढणाऱ्या तोंडाच्या दोनेक सेंटिमीटर पुढे असतं, म्हणजे शुद्ध रक्त प्रवाहाबरोबर पुढे निघून जातं. छान योजना. फक्त ओढणारं तोंड कधीकधी शिरेच्या भिंतीला चिकटतं, मशीन दाबाचा अलार्म देऊ लागतं, आणि मग टेक्निशियन लाल-निळ्या वाटांच्या लाइन उलट्या लावतात. प्रवाह सुधारतो, पण आता परतीचं रक्त आधी पडतं आणि तेच पुढे ओढलं जातं. पॅलिंड्रोम नावाच्या कॅथेटरसारख्या, दोन्ही बाजूंनी सारख्या टोकाच्या नळ्या यासाठीच आल्या. त्यांच्या लाइन उलटवल्या तरी धुतलेलं रक्त पुन्हा ओढलं जाण्याचं प्रमाण खूपच कमी राहतं. फाटा फुटलेल्या टोकाचाही एक प्रकार आहे.

एवढं असूनही, माझ्या मते टोकाच्या आकाराचं कौतुक जरा जास्तच होतं. प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या नळीत जिंकणारी रचना शरीरात काही आठवड्यांनी फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाच्या, पातळ वेष्टनात गुंडाळली जाते, आणि मग तोंड कोणत्याही आकाराचं असो, ते बुजतंच. शिवाय जंतुसंसर्ग आहेच.

म्हणून दोन डायलिसिसच्या मधल्या काळात नळीत काय भरून ठेवतात, हे टोकाइतकंच महत्त्वाचं ठरतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत २२५ रुग्ण होते. काहींच्या नळीत आठवड्यातल्या तिन्ही डायलिसिसनंतर हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध भरलं, काहींच्या नळीत आठवड्यातून एकदा त्याऐवजी गुठळी विरघळवणारं औषध. सहा महिन्यांत नळी बिघडण्याचं प्रमाण अनुक्रमे ३४.८ आणि २० टक्के, तर रक्तात जंतू सापडण्याचं १३ आणि ४.५ टक्के निघालं. गुठळी विरघळवणारं औषध महाग आहे, ही मोठी अडचण. आणि हातावर फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांची जोडणी) करता येत असेल तर ही सगळी तुलनाच बाजूला ठेवावी. नळीपेक्षा तो जास्त टिकतो आणि संसर्गही कमी होतो.